ठासणीच्या रायफलसाठी शिशाची गोळी निवडताना

ठासणीची रायफल नव्याने घेतलेला नेमबाज क्लबात आला की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच विचारतो, "सगळ्यांत अचूक गोळी कोणती?" जुने लोक त्यावर नुसते हसतात आणि "तुझी नळी मोजलीस का?" असा उलट प्रश्न टाकतात. अमेरिकेत मी या छंदाला लागलो तेव्हा मला ते उत्तर उडवाउडवीचे वाटले होते. मी नळी न मोजताच गोळ्या ओतायचे तीन साचे विकत घेतले आणि त्यांपैकी दोन आजही खोक्यात पडून आहेत, कारण त्यांतून निघणारी गोळी माझ्या रायफलला मानवतच नाही. खाली दिलेला क्रम त्या फुकट गेलेल्या खर्चातून शिकलेला आहे. त्याचे सूत्र एवढेच की आधी नळी समजून घ्यावी, मग गोळीचा प्रकार ठरवावा, मग शिसे पारखावे आणि शेवटी कागदी निशाणावर निकाल लावावा.

आरंभीच एक खुलासा करतो. ठासणीची म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून भरून गजाने ठासायची, आणि रायफल म्हणजे जिच्या नळीत पीळदार आटे पाडलेले आहेत अशी. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका शेतकऱ्यांकडे असतात त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे पुढचे बरेचसे विवेचन त्यांना लागू होत नाही. जुन्या 'एनफिल्ड' बंदुकांच्या बाबतीतही येथे फसगत होते. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठी इंग्रजांनी एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आटे नसलेल्या आणि सुमारे ०.६५ इंच व्यासाच्या नळ्यांच्या बंदुका काढल्या. असे नग आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतात. बाहेरून रूप पाहून त्यांच्यासाठी रायफलच्या गोळीचा साचा घेणारा माणूस पैसे पाण्यात घालतो. कायद्याचे म्हणाल तर भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, ब्रिटनमध्ये रायफलचा आणि काळ्या दारूचा परवाना वेगवेगळा असतो आणि अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. तेव्हा जेथे राहता तेथील नियम आधी वाचून घ्यावेत.

पहिली पायरी: नळीचा पीळ मोजणे

मोजमापाला हात घालण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री करावी. गज आत सोडून तोंडापाशी बोट धरावे आणि तोच गज बाहेरून नळीला समांतर धरून तो तळापर्यंत पोहोचला होता की नाही ते पाहावे. दोन-तीन इंचांची तफावत दिसली तर आत जुना बार ठासलेला असू शकतो, आणि तो जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय पुढे काहीही करू नये. विकत घेतलेल्या जुन्या रायफलमध्ये असा बार सापडणे हे वाटते तितके दुर्मीळ नाही.

मग फिरत्या मुठीच्या गजाला घट्ट बसणारी ओलसर चिंधी लावून ती तळापर्यंत ढकलावी. नळीच्या तोंडापाशी गजावर पेन्सिलीने एक आडवी खूण करावी आणि बरोबर वरच्या बाजूस एक छोटी उभी रेघ ओढावी. आता गज सावकाश बाहेर ओढला की चिंधी आट्यांतून फिरते आणि तिच्याबरोबर रेघही फिरू लागते. रेघ पाव वेढा फिरेपर्यंत गज किती इंच बाहेर आला ते मोजून त्याला चाराने गुणले की एका पूर्ण वेढ्याला लागणारी लांबी मिळते. तिलाच आपण पीळ म्हणू. हे मोजमाप तीनदा करून सरासरी काढावी, कारण चिंधी मध्येच घसरली तर आकडा भलताच येतो.

या एका आकड्यावर गोळीची लांबी ठरते. गोल गोळीला फार फिरावे लागत नाही, म्हणून तिच्यासाठीच्या नळ्यांत ६० ते ७२ इंचांत एक वेढा, असा सैल पीळ असतो. लांबट गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. १८५३ च्या तीन कड्यांच्या (नळी लाकडाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या) एनफिल्डचा पीळ ७८ इंचांचा, अमेरिकेच्या १८६१ च्या स्प्रिंगफिल्डचा ७२ इंचांचा, दोन कड्यांच्या नौदली एनफिल्डचा ४८ इंचांचा, तर षट्कोनी नळीच्या व्हिटवर्थचा अवघा २० इंचांचा होता. हॉकन या जुन्या अमेरिकी शिकारी रायफलीच्या धाटणीच्या आजच्या बऱ्याच रायफलींत ४८ इंचांचा पीळ असतो. गोल आणि लांबट अशा दोन्ही गोळ्या चालाव्यात म्हणून काढलेली ही तडजोड आहे, आणि माझ्या मते कोणत्याही तडजोडीसारखीच ती दोन्हींकडे थोडीथोडी कमी पडते.

अंदाज बांधायला ग्रीनहिलचे सूत्र पुरते. वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी ते १८७९ मध्ये मांडले. व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि आलेल्या संख्येला पिळाने भागावे. उत्तर म्हणजे स्थिर उडू शकणाऱ्या गोळीची साधारण लांबी. ०.५ इंच व्यास आणि ४८ इंच पीळ असेल तर उत्तर ०.७८ इंच येते. म्हणजे या नळीतून सव्वा इंच लांबीची गोळी उडवून अचूकतेची अपेक्षा करणे व्यर्थ होय. हे सूत्र भरीव गोळीसाठी आहे. बुंध्याशी पोकळ असलेल्या गोळीचे वजन नाकाकडे सरकलेले असते, त्यामुळे ती सूत्राने सांगितल्यापेक्षा बरीच लांब असूनही सरळ जाते. एनफिल्ड आणि स्प्रिंगफिल्डची गोळी याचेच उदाहरण आहे.

दुसरी पायरी: नळीचा खरा व्यास

रायफलवर ०.५८ (म्हणजे इंचांतला नाममात्र व्यास) असे कोरलेले असले तरी त्या आकड्यावर विसंबू नये. तो वर्ग सांगतो, माप सांगत नाही. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांत हजारांश इंचांचा फरक असतो, आणि आपला सगळा खेळ त्याच हजारांश इंचांचा आहे. आट्यांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला व्यास हा आपला मुख्य आकडा. तो व्हर्नियर कॅलिपरने तोंडापाशी मोजण्याचा मोह होतो, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. वर्षानुवर्षे गज घासून तोंड झिजलेले असू शकते, आणि तीन किंवा पाच खाचांच्या नळीत उंचवट्यासमोर उंचवटा येतच नाही, खाच येते. म्हणून पोलादी प्लग गेज वापरावेत. एकेक हजारांशाने वाढत जाणाऱ्या या दांड्यांपैकी जो अलगद आत जातो पण पुढचा जात नाही, तो आपला व्यास. वहीत हा आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

तिसरी पायरी: गोळीचा प्रकार

सैल पिळाच्या नळीला गोल गोळीच घ्यावी आणि नवख्याने शक्यतो तेथूनच सुरुवात करावी. ही गोळी नळीपेक्षा ०.००५ ते ०.०१० इंचाने लहान असते आणि तिच्याभोवती तेलकट केलेल्या सुती कापडाची चकती गुंडाळून ती ठासतात. आट्यांची पकड कापडावर असते आणि कापड गोळीला फिरवते. ०.५० वर्गाच्या रायफलला ०.४९० आणि ०.४९५ इंच असे दोन व्यास रूढ आहेत. ०.४९० ची शुद्ध शिशाची गोळी सुमारे १७७ ग्रेन भरते. इंग्रजी अमदानीतला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता, तेव्हा आपल्याकडच्या वाचकाने ही गोळी जवळजवळ तोळाभराची समजावी. एनफिल्डची ५३० ग्रेनांची गोळी त्याच हिशेबाने तीन तोळ्यांना जरा कमी पडते. ग्रेनांपेक्षा हे माप माझ्या तरी पटकन ध्यानात राहते.

गोल गोळीत कापडाची जाडी ही गोळीइतकीच महत्त्वाची असते. ०.०१० पासून ०.०२० इंचांपर्यंतची कापडे दुकानात मिळतात. गादीच्या खोळीचे घट्ट विणीचे सुती कापडही उत्तम चालते, मात्र त्यात कृत्रिम धागा नको, कारण तो वितळून नळीला चिकटतो. गोळी झाडल्यावर दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या चकत्या जरूर वेचाव्यात. मध्यभाग काजळलेला, आट्यांच्या खुणा सारख्या अंतरावर आणि कड थोडी उसवलेली, अशी चकती निरोगी समजावी. खुणांच्या जागी चिरा पडल्या असतील तर नळीच्या तोंडाची धार कापड कापते आहे, आणि मध्ये भोक जळले असेल तर कापड पातळ आहे किंवा गोळी लहान आहे.

७२-७८ इंचांच्या पिळाच्या लष्करी रायफलींसाठी मिनिए गोळी घ्यावी. फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस ती सिद्ध केली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने झटकन ठासता येते, आणि दारू पेटल्यावर पोकळ बुंध्याची पातळ कड फुगून आट्यांत घट्ट बसते. मिनिए यांनी पोकळीत लोखंडी वाटी बसवली होती. अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारातील जेम्स बर्टन यांनी ती वाटी काढून टाकली आणि बुंध्याची रचना सुधारून वाटीविना चालणारी गोळी केली. आज साच्यांतून निघते ती बहुतेक हीच. तिचा व्यास नळीपेक्षा ०.००१ ते ०.००२ इंचाने कमी असावा. रिकाम्या, स्वच्छ नळीत ती गजाच्या वजनाने संथपणे उतरली पाहिजे. नुसती सोडली आणि खडखडत तळाला गेली तर ती सैल आहे. नवख्याचा हमखास होणारा घोटाळा येथेच होतो. भरायला सोपी म्हणून तो सैल गोळी घेतो, ती फुगूनही आटे धरत नाही आणि निशाणावर दोन फुटांचा सडा पडतो, मग दोष रायफलला दिला जातो.

बुंध्याच्या कडेची जाडी दारूच्या मापाशी जुळावी लागते. जाड कड थोड्या दारूत फुगत नाही, आणि पातळ कड जास्त दारूत इतकी फाकते की गोळी नळीतून बाहेर पडताना घंटेसारखी होते. अमेरिकी लष्कराचा बार ६० ग्रेनांचा होता. कागदावर नेम मारणारे आजचे नेमबाज बहुधा त्याहून कमी दारू घेतात, कारण त्यांना पल्ला नको, सारखेपणा हवा असतो. तुमच्या रायफलच्या उत्पादकाने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहूनच हे प्रयोग करावेत. दारू फक्त काळी किंवा तिचा अधिकृत पर्याय वापरावा. आधुनिक धूरविरहित दारूची चिमूटही ठासणीच्या नळीत जाता कामा नये, नळी फुटते.

भरीव लांबट गोळ्यांत मॅक्सी-बॉल किंवा 'रिअल' या नावाने मिळणारे प्रकार येतात. यांच्या कडा नळीपेक्षा किंचित मोठ्या असतात आणि ठासतानाच त्यांवर आटे उमटतात. ४८ इंच किंवा त्याहून घट्ट पिळाला त्या योग्य ठरतात. यात सांभाळायचे ते दोन गोष्टींत. नळीच्या तोंडाशी गोळी तिरकी बसली तर ती शेवटपर्यंत तिरकीच जाते, म्हणून पहिला इंच सावकाश आणि सरळ ठासावा. आणि कापड नसल्याने, रायफल तोंड खाली करून वागवली तर अशी गोळी दारूपासून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळीला फुगवटा येण्याची भीती असते. गोळी कोणतीही असो, ती दारूवर टेकलेली हवी, आणि त्यासाठी गजावर भरलेल्या बाराची खूण करून ठेवणे हा स्वस्तातला विमा आहे.

कागद गुंडाळलेल्या लांब गोळ्यांचा प्रांत निराळा आहे. व्हिटवर्थ, गिब्ज, रिग्बी अशा ०.४५ वर्गाच्या दूर पल्ल्याच्या रायफली त्यांवर चालतात. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरच्या मैदानावर ८००, ९०० आणि १,००० यार्डांचा जो सामना झाला त्यात आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी घेऊन उतरला होता आणि मागून भरायच्या रायफली घेतलेल्या अमेरिकेकडून ९३१ विरुद्ध ९३४ असा अवघ्या तीन गुणांनी हरला. पण नवख्याने वर्षभर तरी तिकडे वळू नये. कागदाचे दोन वेढे दिले की व्यासात कागदाच्या जाडीच्या चौपट भर पडते, म्हणजे ०.००२ इंच जाडीच्या कागदाने ०.००८ इंच वाढतात, आणि एवढा हिशेब प्रत्येक गोळीला सारखा साधणे ही सवयीची बाब आहे.

चौथी पायरी: शिसे

मिनिए आणि ठासताना आटे उमटणाऱ्या गोळ्यांना शुद्ध, मऊ शिसेच हवे. धातूचा कठीणपणा मोजण्याच्या ब्रिनेल मापावर त्याचा आकडा सुमारे ५ असतो. गाड्यांच्या चाकांना लावायच्या वजनांत अँटिमनी असल्याने तो दुप्पट होतो, आणि तशा शिशाची मिनिए गोळी फुगतच नाही. छताला लावायचा शिशाचा पत्रा किंवा जुन्या नळकामातले शिसे बहुधा मऊ असते. नखाने दाबून ठळक वण उठला पाहिजे, आणि फरशीवर टाकल्यावर 'बद्' असा मुका आवाज आला पाहिजे. खणखणीत वाजले तर मिश्रण समजावे. जुन्या बॅटरीचे शिसे कधीही वितळवू नये, त्यातून विषारी वायू निघतात. कागद गुंडाळायच्या गोळीला मात्र थोडे कथील मिसळलेले चालते.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण साचा नीट भरण्यासाठी शुद्ध शिसे ४०० अंशांच्या पुढे न्यावे लागते. काम मोकळ्या हवेत करावे, घरातल्या स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत, हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि मुलांना लांब ठेवावे. पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तर वाफेच्या दणक्याने तापलेले शिसे तोंडावर उडते. ही कटकट नको असेल तर तयार ओतीव गोळ्या विकत मिळतात. सुरुवातीला तेच बरे, मात्र शंभराची पेटी घेण्यापूर्वी वेगवेगळ्या व्यासांच्या दहा-दहा मागवाव्यात.

पाचवी पायरी: पारख आणि वजन

साचा थंड असताना निघालेल्या गोळ्यांवर सुरकुत्या पडतात. त्या सरळ परत भांड्यात टाकाव्यात. नजरेची पारख करताना नाकापेक्षा बुंधा काळजीपूर्वक पाहावा. नाकावरचा छोटा चट्टा फारसे बिघडवत नाही, परंतु बुंध्याच्या कडेला टवका असेल तर नळीतून सुटताना त्या बाजूने वायू आधी निसटतो आणि गोळी वाकडी ढकलली जाते.

त्यानंतर तराजू. माझ्या एका हिवाळ्यातल्या शंभर ०.४९० गोळ्यांपैकी बहुतेक १७६ ते १७७.५ ग्रेन भरल्या आणि चार १७४ च्या खाली उतरल्या. दिसायला त्या इतरांसारख्याच गुळगुळीत होत्या. त्यांतली एक शिकंजात धरून करवतीने कापली तर ओतण्याच्या तोंडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी निघाली. अशी गोळी एका कुशीला जड असते आणि फिरताना डगमगते. उलट गोळी जड भरली आणि तिच्या सांध्यावर बारीक पापुद्रा दिसला तर साचा पूर्ण मिटला नव्हता असे समजावे. गोल गोळीत अर्धा आणि मिनिएत एक ग्रेन इतका फरक मी चालवून घेतो. बाकीच्या सरावाला किंवा पुन्हा भांड्यात. गोल गोळीच्या ओतण्याच्या जागी राहिलेला चपटा ठिपका ठासताना वर, नळीच्या तोंडाकडे आणि मधोमध ठेवावा.

सहावी पायरी: वंगण

मधमाश्यांचे मेण आणि प्राण्याची किंवा वनस्पतीची चरबी, एवढे मिश्रण पुरते. उन्हाळ्यात मेण वाढवावे, थंडीत चरबी. एनफिल्डच्या काडतुसाला काय चोपडले आहे या प्रश्नावरून १८५७ मध्ये काय घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण वंगण तेथे चैनीखातर नव्हते, काळ्या दारूची काजळी मऊ ठेवल्याशिवाय पुढची गोळी ठासताच येत नाही. खनिज तेलाची वंगणे टाळावीत, त्यांनी काजळीचे डांबर होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडून त्यांतल्या सर्वोत्तम १० धरतात. तुमची तेरावी गोळी पहिलीइतक्याच जोराने ठासली जाते का, हे वंगणाच्या पसंतीचे चांगले माप आहे.

सातवी पायरी: निशाणावर

रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. पुंजका चांदाच्या मध्यावर पडतो की नाही हे या टप्प्यावर पाहू नये, तो किती घट्ट आहे एवढेच पाहावे. मध्यावर आणायला नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गोळी आणि दारू एकदम बदलली तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. कागदावरची भोके गोल नसून लांबट, आडवी पडलेली दिसली तर गोळी या पिळाला लांब आहे. पुंजका उभा ताणलेला असेल तर बहुधा दारूचे माप किंवा ठासण्याचा जोर सारखा नाही. मैदान परवानगी देत असेल तर मागच्या मातीच्या बांधातून मिनिए गोळ्या शोधून काढाव्यात. बुंध्यावर आट्यांच्या खुणा सगळीकडे सारख्या उमटल्या नसतील तर गोळी सैल आहे किंवा शिसे कठीण आहे.

पाचांचा एक पुंजका चांगला आला म्हणून साच्याची ऑर्डर देऊ नये. तोच बार वेगवेगळ्या तीन दिवशी, शक्यतो एकदा दमट हवेत, पुन्हा झाडून पाहावा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, हवा, गोळीचा व्यास व वजन, शिशाचा लॉट, दारूचे माप, कापड किंवा वंगण लिहून तो फाइलीत लावावा; आणि दोन कप्प्यांचा साचा असेल तर कोणती गोळी कोणत्या कप्प्यातली हेही लिहावे, कारण माझ्या साच्याचे दोन कप्पे एकमेकांपासून ०.००१ इंचाने वेगळे आहेत आणि ते माझ्या ध्यानात यायला एक अख्खा हंगाम गेला.